हर्मानस : काठावर बसून देवमासे बघायचे तर

दापोली किंवा तारकर्लीला डॉल्फिन बघायचे म्हणजे बोटीत बसायचं, हे आपल्याला सवयीचं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या हर्मानसला हा हिशेब उलटा लागू होतो. केपटाऊनपासून साधारण १२० किलोमीटरवर, वॉकर बे या उपसागराच्या काठाला हे गाव आहे. लाल एसटीपेक्षाही लांब, १४ ते १६ मीटरचे सदर्न राइट व्हेल इथे खडकांपासून इतक्या जवळ येतात की कड्यावरच्या बाकावर बसून त्यांचा श्वास ऐकू येतो. उपसागराचा तळ वाळूचा आणि उतरता आहे, आतला भाग आडोशाचा आहे, म्हणून माद्या पिल्लं घालायला आणि वाढवायला इथे येतात. त्यामुळे सहलीची आखणी बोटीच्या तिकिटापासून सुरू करू नये. हातात किती दिवस आहेत आणि त्या दिवसांत वारा कसा असेल, यावर सगळं ठरतं.

सगळ्यात जास्त निराशा केपटाऊनहून एका दिवसात जाऊन येणाऱ्यांच्या वाट्याला येते. जाण्यायेण्यात तीन तास जातात, गावात चार-पाच तास मिळतात, आणि नेमका तेव्हाच वारा सुटला तर पांढऱ्या फेसाशिवाय काही दिसत नाही. किमान दोन, जमल्यास तीन रात्री ठेवाव्यात.

केव्हा जायचं

देवमासे जूनमध्ये यायला लागतात आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत बहुतेक परत गेलेले असतात. जून-जुलैत नर-माद्यांचे घोळके जास्त दिसतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा भर. आपल्या पंचांगाने सांगायचं तर गणपती ते दसरा हा उत्तम काळ. दिवाळीच्या सुट्टीत संख्या उतरणीला लागलेली असते, पण तेव्हा दिसतात त्यांत पिल्लासह माद्या असतात आणि पिल्लंही चांगली मोठी झालेली असतात. मे महिन्याच्या सुट्टीत मात्र देवमाशांसाठी हर्मानस ठरवू नये. ते तेव्हा दूर दक्षिणेच्या थंड समुद्रात असतात.

सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला गावात देवमाशांचा उत्सव भरतो. २४ सप्टेंबरला देशभर सुट्टी असते, शाळांच्या सुट्ट्याही त्याच सुमाराला येतात. गर्दी आवडत असेल तर खुशाल जावं, पण खोल्या महाग मिळतात आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. शांतपणे बघायचं असेल तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा मध्य निवडावा.

अपेक्षा मात्र नेमकी असावी. प्रिटोरिया विद्यापीठाचे संशोधक १९६९पासून विमानातून या किनाऱ्यावरच्या देवमाशांची मोजणी करत आले आहेत. पूर्वी मादी साधारण दर तीन वर्षांनी पिल्लू घालायची. गेल्या दशकभरात हे अंतर चार-पाच वर्षांवर गेलं आहे, कारण दक्षिणेच्या समुद्रात त्यांना पूर्वीसारखं खाणं मिळत नाही. त्यामुळे एखाद्या वर्षी उपसागर भरलेला असतो, एखाद्या वर्षी विरळ. दुसऱ्या कोणाचा जुना व्हिडिओ पाहून तसंच दिसेल असं धरू नये.

निघण्यापूर्वी

व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळ बघावं. पासपोर्टमध्ये सलग दोन पानं कोरी असावीत आणि परतीच्या तारखेनंतर किमान ३० दिवसांची मुदत असावी. मुलं सोबत असतील तर आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर जवळ ठेवावं.

मुंबईहून जाताना दुबई, दोहा किंवा आदिस अबाबासारख्या ठिकाणी विमान बदलावं लागतं. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जात असाल तर पीतज्वराच्या लशीकडे दुर्लक्ष करू नका. अशा देशात १२ तासांहून जास्त थांबा झाला, किंवा विमानतळाबाहेर पडलात, तर दक्षिण आफ्रिकेत लशीचा दाखला मागतात. परत येताना आपल्याकडेही विचारणा होऊ शकते. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. दुबई किंवा दोहामार्गे गेलात तर हा प्रश्न येत नाही.

सामानात तीन गोष्टी आठवणीने टाका. एक, वारा अडवणारं जाकीट. हिवाळ्यात दुपारी १६-१८ अंश असलं तरी कड्यावरच्या वाऱ्यात तासभर बसलं की हुडहुडी भरते. जाड स्वेटरातून वारा सरळ आत शिरतो, त्यामुळे एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे आणि वरून जाकीट बरं. दोन, दुर्बीण. ८×४२ किंवा ७×५० घ्यावी. दहापट किंवा त्याहून मोठी दुर्बीण वाऱ्यात हातात स्थिर राहत नाही, त्यामुळे उलट कमी दिसतं. तीन, विजेची पिन. आपल्या गीझर-फ्रिजला असते ती १६ अँपिअरची तीन जाड गोल पिनांची पिन तिथल्या जुन्या सॉकेटमध्ये बसते. मोबाइलच्या चार्जरची बारीक पिन बसत नाही. तशा जाड पिनेचा अॅडॉप्टर इथेच विजेच्या दुकानात मिळतो.

घरचं तूप, मध, ताजी फळं, बी-बियाणं नेण्याच्या फंदात पडू नये, सीमाशुल्कात अडतात.

केपटाऊन ते हर्मानस

भाड्याची गाडी सर्वांत सोयीची. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. परवान्यावर फोटो, सही आणि इंग्रजी मजकूर असला पाहिजे. सोबत आंतरराष्ट्रीय परवाना असला तर गाडी देणाऱ्याशी वाद होत नाही. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवली जाते, डेबिट कार्डाला अनेक ठिकाणी नकार मिळतो.

दोन रस्ते आहेत. जवळचा रस्ता एन-२ महामार्गाने. सॉमरसेट वेस्टनंतर सर लॉरीज पास हा घाट चढायचा, सफरचंदांच्या बागांचा एल्गिनचा पट्टा ओलांडायचा आणि बॉट रिव्हरला आर-४३वर उजवीकडे वळायचं. दीड तास लागतो. दुसरा रस्ता आर-४४. गॉर्डन्स बेपासून रूई एल्सपर्यंत तो डोंगर आणि समुद्र यांच्यामधून वळणं घेत जातो. वाटेत बेटीज बेला स्टोनी पॉइंट इथे आफ्रिकन पेंग्विनची वसाहत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच जागी देवमासे कापायचं केंद्र होतं. या पेंग्विनची गणना २०२४पासून अतिसंकटग्रस्त प्रजातींत होते, तेव्हा लाकडी मार्गिकेवरूनच चालावं आणि त्यांच्या घरट्यांकडे झुकू नये. थांबत गेलं तर हा रस्ता तीन तास घेतो. जाताना आर-४४ आणि परतताना एन-२ असा क्रम ठेवला तर विमानाच्या दिवशी घाई होत नाही.

दोन खबरदाऱ्या. विमानतळाजवळच्या एन-२वर रात्री गाडी थांबवू नये. विमान संध्याकाळी उतरत असेल तर ती रात्र केपटाऊनला काढावी आणि सकाळी निघावं. आणि रूई एल्स-बेटीज बेच्या टप्प्यात माकडं नव्हे, चांगले दणकट बबून रस्त्यावर येतात. खाण्याची पिशवी दिसली की ते दार उघडून आत शिरतात. काचा वर, दारं आतून बंद, आणि गाडीत बसूनच फोटो.

पेट्रोल पंपावर आपल्यासारखाच माणूस भरून देतो, काच पुसतो. त्याला पाच-दहा रँड द्यायची रीत आहे. गाड्या लावण्याच्या जागी पिवळं किंवा नारिंगी जाकीट घातलेले राखणदार असतात, त्यांनाही तेवढेच. त्यासाठी सुट्टी नाणी जवळ असू द्यावीत. बाकी सगळीकडे कार्ड चालतं.

खोली कुठे घ्यायची

समुद्र दिसणारी खोली महाग असते, पण जुन्या बंदरापासून चालत दहा मिनिटांच्या आत राहिलात तर तिची गरज नाही. देवमासे सकाळी लवकर बघायचे असतात, आणि गाडी काढावी लागली की माणूस आळस करतो. स्वयंपाकघर असलेलं घर घ्यावं. शाकाहारी मंडळींना उपाहारगृहांत पर्याय मोजकेच मिळतात, पण गावातल्या मोठ्या दुकानांत तांदूळ, डाळी, दही, भाज्या, मसाले सगळं मिळतं. वारा पडलेल्या रात्री खिडकी थोडी उघडी ठेवा. उपसागरातून येणारा फुस्स असा लांब आवाज म्हणजे देवमाशाचा उच्छ्वास.

वारा आधी, देवमासे नंतर

रोज सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे समुद्राचा पृष्ठभाग बघणं. लाटांच्या डोक्यावर पांढरा फेस दिसत नसेल तर लगेच बाहेर पडावं, न्याहारी मागाहून. वाऱ्याचा वेग ताशी २५-३० किलोमीटरच्या वर गेला की सगळीकडे फेस उठतो आणि त्यात देवमाशाचा फवारा हरवून जातो. देवमासे तिथेच असतात, आपल्याला दिसत नाहीत एवढंच.

या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो. वायव्येकडून वारा आणि ढग आले की पाऊस एक-दोन दिवस टिकतो, नंतर बहुतेक वेळा एखाद-दोन दिवस लख्ख आणि शांत मिळतात. ते दिवस सोन्याचे. ऑक्टोबरपासून आग्नेयेचा वारा जोर धरतो आणि तो दुपारी जास्त वाहतो, म्हणून तेव्हा सकाळचीच वेळ साधावी.

उजेडाच्या बाबतीत गावाची जागा फार सोयीची आहे. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो, आणि हर्मानसचा समुद्र दक्षिणेला आहे. म्हणजे दिवसभर ऊन आपल्या पाठीमागून पाण्यावर पडतं, डोळ्यांवर चमक येत नाही. टोपी मात्र मान झाकणारी हवी.

कड्यावरची वाट

सगळ्या सहलीचा गाभा हीच वाट. नव्या बंदरापासून ग्रोटो बीचपर्यंत सुमारे १२ किलोमीटरची पायवाट समुद्राला लागून जाते. कुठे सिमेंटची, कुठे मातीची, मध्ये लाकडी पूल, आणि बाकडी भरपूर. सगळी एका दिवसात चालायची गरज नाही. तुकडे करावेत.

पहिल्या दिवशी गीअरिंग्ज पॉइंट ते जुनं बंदर. अंतर अगदी थोडं, सपाट, वयस्कर माणसांना आणि चाकाच्या खुर्चीला सोयीचं. गीअरिंग्ज पॉइंट समुद्रात घुसलेला असल्याने तिथून दोन्ही बाजूंचं पाणी एकदम दिसतं. जुन्या बंदराजवळ हंगामात गावाचा दवंडीवाला भेटतो. १९९२पासून ही प्रथा आहे. सी-बांबू या समुद्री वनस्पतीच्या वाळलेल्या नळीचं शिंग तो फुंकतो, आणि फुंकण्याच्या लांब-आखूड पद्धतीवरून देवमासे कोणत्या भागात आहेत ते कळतं. त्या खुणांचा अर्थ त्याच्या अंगावरच्या पाटीवर लिहिलेला असतो. त्याला थेट विचारलं तरी आनंदाने सांगतो.

दुसऱ्या दिवशी सीव्हर्स पॉइंट ते क्वाइवाटर. इथे खडकांजवळ पाणी खोल आहे, देवमासे जवळून जातात. क्वाइवाटर या आफ्रिकान्स नावाचा अर्थच ‘रागीट पाणी’. शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक एखादी मोठी लाट येऊन खडक धुऊन जाते. ओला दिसणारा खडक म्हणजे लाट तिथवर पोचते, त्यावर पाऊल ठेवायचं नाही. फोटोसाठी वाट सोडून खाली उतरणं हा इथला सर्वांत धोक्याचा प्रकार आहे. तिसरा तुकडा फूलक्लिप ते ग्रोटो बीच. तिथे वाळूचा लांब किनारा आहे, मुलांना तो आवडतो. पाणी मात्र गार.

संध्याकाळी अंधार पडायच्या आत वाटेवरून परतावं आणि निर्जन तुकड्यांवर एकट्याने जाऊ नये. खडकांवर ऊन खात बसलेले घुशीसारखे जाडजूड प्राणी म्हणजे ‘दासी’, हे त्यांचं तिथलं नाव. खायला घालू नये, चावतात. उबदार दिवशी वाटेकडेच्या झुडपात साप असतात, म्हणून पाय वाटेवरच.

बघायचं कसं

नवख्यांची चूक एकच असते. येतात, दुर्बीण लावतात, पाच मिनिटं इकडेतिकडे फिरवतात आणि ‘काही नाही’ म्हणून पुढे जातात. एका जागी किमान पाऊण तास बसावं. पहिली पंधरा मिनिटं दुर्बीण खाली. उघड्या डोळ्यांनी क्षितिजापासून खडकांपर्यंत, डावीकडून उजवीकडे, सावकाश नजर फिरवायची. काहीतरी हललं की तिथे दुर्बीण न्यायची.

शोधायचं काय? राइट व्हेलचा फवारा इंग्रजी व्ही अक्षरासारखा दोन बाजूंना फाकतो. पाठ काळी, रुंद, गुळगुळीत असते आणि तिच्यावर पर, म्हणजे माशाच्या पाठीवर असतो तसा पंख, नसतो. डोक्यावर पांढरट खरबरीत चट्टे असतात. ते प्रत्येकाचे वेगळे असतात, संशोधक त्यांवरूनच एकेक देवमासा ओळखतात. पाठीवर लहान उंचवट्यासारखा पर आणि लांब पांढरट हात, म्हणजे अंगाच्या दोन्ही बाजूंचे पुढचे पर, दिसले तर तो हंपबॅक. टोकदार वाकडा पर दिसला तर ब्राइड्स व्हेल, तो इथे वर्षभर असतो.

फसवणूक करते ती समुद्री वनस्पती. तिचे जाड देठ आणि पात्या लाटेबरोबर वरखाली होतात आणि पराचा भास होतो. खूण सोपी आहे : वनस्पती त्याच जागी, प्रत्येक लाटेला सारखीच डुलते. देवमासा एकदा दिसतो, नाहीसा होतो आणि थोड्या अंतरावर वर येतो. तो खाली गेल्यावर पाण्यावर तेलासारखी सपाट, चकचकीत गोल जागा काही वेळ राहते. तीही शोधावी.

मादी आणि पिल्लू ओंडक्यासारखे पाण्यावर तरंगत असतात आणि फार वेळ खाली जात नाहीत, म्हणून नवख्यांना तेच आधी सापडतात. तीन-चार जणांची घुसळण, मधूनच वर येणारे पांढरे डाग, हात आणि शेपट्या असं दिसलं तर ती मारामारी नाही. एका मादीभोवती जमलेले नर असतात. मादी पुष्कळदा पोट वर करून त्यांना टाळते.

उसळी मारणारा देवमासा एका उसळीवर क्वचितच थांबतो. पहिली उसळी बघून घ्यायची, फोटोच्या नादाला लागायचं नाही. मग कॅमेरा त्याच रेषेत, तो पुढे चालला आहे त्या दिशेला थोडा आधी रोखून ठेवायचा. शटरचा वेग सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून जलद. ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स पुरते. मोबाइलने काढायचं असेल तर व्हिडिओ सुरूच ठेवावा.

बोट

बोट घ्यावी, पण त्याआधी, पोचल्या दिवशीच, काठावरून बघून. परवाना असलेल्या बोटीलाच देवमाशापासून ५० मीटरपर्यंत जाता येतं. बाकी सगळ्यांना ३०० मीटरचं अंतर पाळावं लागतं, त्यात कयाक आणि ड्रोनही आले. उपसागराच्या आतल्या पूर्व भागात १ जुलैपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत बोटींना बंदीच असते. यामागचं कारण साधं आहे. माद्या इथे जवळजवळ काही खात नाहीत. अंगावरच्या चरबीवर स्वतः जगतात आणि पिल्लाला दूध पाजतात. त्यांना पळायला लावलं तर ती चरबी वाया जाते आणि पिल्लाचं दूध तुटतं. म्हणून बोटवाल्याला ‘अजून जवळ घ्या’ असं म्हणू नये.

बोट नव्या बंदरातून सुटते, फेरी साधारण दोन तासांची. आरक्षण पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या, म्हणजे मुक्कामातल्या पहिल्या सकाळचं करावं. वाऱ्यामुळे रद्द झालं तर पुढच्या दिवशी ढकलता येतं. शेवटच्या दिवसाचं असेल तर संधी गेली. आदल्या संध्याकाळी फोन करून विचारावं.

उलटी होण्याची भीती असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधीच, निघण्यापूर्वी तासभर घ्यावी. बोटीवर मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. अशा गोळीने झोप येते, तेव्हा त्यानंतर गाडी दुसऱ्याने चालवावी. रिकाम्या पोटी जाऊ नये, तळलेलंही खाऊ नये. केळं आणि कोरडी बिस्किटं बरी. बोटीच्या मागच्या बाजूला, मध्यभागी हेलकावा कमी बसतो. नजर क्षितिजावर ठेवायची. कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत राहणारेच आधी आडवे होतात.

समुद्र खवळलेला असेल तर

एखादा दिवस वाऱ्यात जाणार हे धरूनच चालावं. तेव्हा गावाच्या पाठीमागच्या डोंगरावरचं फर्नक्लूफ अभयारण्य गाठावं. फिनबोस नावाची झुडपांची दुनिया तिथे आहे, प्रोटिया आणि एरिका फुललेल्या असतात आणि त्यांवर लांब शेपटीचे शुगरबर्ड बसतात. देवमाशांचा हंगाम आणि फुलांचा बहर एकत्रच येतात. पाण्याची बाटली, टोपी आणि पकड असलेले बूट हवेत.

दुसरा पर्याय स्टॅनफर्डमार्गे डी केल्डर्स, गाडीने साधारण पाऊण तास. तिथले चुनखडीचे कडे उपसागराच्या समोरच्या बाजूला आहेत. वाऱ्याच्या दिशेनुसार कधी हर्मानस खवळलेलं असताना तिथलं पाणी बरं असतं. बोटींना बंदी असलेला भाग याच बाजूला येत असल्याने पिल्लासह माद्या इथे कड्याखाली निवांत पडलेल्या दिसतात. जवळच क्लिपगाट ही गुहा आहे, अश्मयुगातल्या माणसांच्या वस्तीच्या खुणा तिथे सापडल्या आहेत. गुहेकडची वाट वाळूची आणि पायऱ्यांची आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी कड्यावरच थांबावं.

पाऊसच असेल तर जुन्या बंदरावरचं संग्रहालय तासाभरात होतं. जुन्या मासेमारी होड्या तिथे ओढून ठेवल्या आहेत. गावाचं मूळ नाव हर्मानसपीटर्सफोंटेन असं लांबलचक होतं, १९०२मध्ये टपालाच्या सोयीसाठी ते तोडून हर्मानस केलं.

परतीच्या दिवशी विमान दुपारनंतरचं असेल तर पहाटे तासभर गीअरिंग्ज पॉइंटला जायला वेळ मिळतो. तिथून थेट विमानतळाला निघताना सर लॉरीज पासवरचं धुकं आणि सॉमरसेट वेस्टचे सिग्नल धरून अडीच तास हाताशी ठेवा. विमानतळापाशी पंप शोधत बसण्यापेक्षा टाकी हर्मानसमध्येच भरून घ्या.